हिवताप : रोग बरा होणे आणि रोग नाहीसा होणे

रोग बरा करणे आणि रोग नाहीसा करणे या दोन क्रिया व्यवहारात एकमेकींच्या जवळच्या वाटत असल्या, तरी शास्त्रदृष्ट्या त्या अगदी भिन्न आहेत. पहिलीचा संबंध एका रुग्णाच्या शरीराशी असतो. दुसरीचा संबंध रुग्ण, निरोगी माणसे, रोगजंतू व रोगवाहक डास या सर्वांच्या परस्परसंबंधांशी असतो. हा भेद ज्या रोगाच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे प्रत्ययास येतो, तो रोग म्हणजे हिवताप होय. भारतात १९५३ पूर्वी दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोक हिवतापाने आजारी पडत व सुमारे ८ लाख लोक दगावत, असा अंदाज होता. राष्ट्रीय मोहिमेमुळे १९६५ च्या सुमारास नोंदलेल्या रुग्णांची संख्या अवघ्या एक लाखावर आली. परंतु १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांच्या वर गेली. या मधल्या काळात हिवतापाचा रुग्ण बरा करणारे औषध उपलब्ध नव्हते असे नाही. क्लोरोक्विन स्वस्त होते आणि बहुतेक ठिकाणी गुणकारीही होते. मग रुग्ण बरे होत असता रोग परत का आला? या प्रश्नाचे उत्तर जंतूच्या जीवनक्रमात आणि तो जीवनक्रम खंडित करण्यासाठी झालेल्या संशोधनात शोधावे लागते.

जंतूचे जीवनचक्र

फ्रेंच लष्करी वैद्य आल्फाँस लाव्हेराँ यांना १८८० साली अल्जीरियातील काँस्तांतीन येथे एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा जंतू प्रथम दिसला. तो रक्तात कोठून येतो, हे कोडे १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे सुटू लागले. रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठरभित्तीत रोनाल्ड रॉस यांना जंतूची वाढणारी रूपे आढळली, आणि पुढल्याच वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी डासातील संपूर्ण चक्र उलगडले. मानवी हिवताप ॲनॉफेलिस जातीच्या डासामुळे पसरतो, हे ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ साली इटलीत सिद्ध केले. तरीही एक दुवा अर्धशतकभर निसटलेलाच राहिला. डास चावल्यानंतर काही दिवस जंतू रक्तात सापडत नाही. त्या अवधीत तो असतो कोठे? शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ साली माकडांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, तो यकृतात असतो.

या शोधांतून जे चक्र सिद्ध झाले ते थोडक्यात असे : ॲनॉफेलिसची मादी चावताना तिच्या लाळेबरोबर स्पोरोझोइट नावाची, जंतूची सुईसारखी सूक्ष्म रूपे त्वचेत शिरतात. त्यांची संख्या बहुधा काही दहांच्या घरात असते. ती रक्तावाटे यकृतात पोहोचतात, आणि तेथे आठवडाभरात एकेका रूपापासून हजारो नवी रूपे निर्माण होतात. ही नवी रूपे तांबड्या रक्तपेशींत शिरतात, तेथे वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या भारतातील दोन प्रमुख जातींत हा क्रम सुमारे ४८ तासांचा असतो; थंडी वाजून ताप येणे हा या पेशीस्फोटाचाच परिणाम होय. रक्तातील काही जंतू मात्र या क्रमातून बाजूला होऊन गॅमेटोसाइट ही नर-मादी रूपे धारण करतात. त्यांपासून रुग्णास त्रास होत नाही; पण दुसऱ्या डासाने ती शोषून घेतली की त्याच्या जठरात त्यांचे मीलन होते, आणि उष्ण हवेत सुमारे दहा ते चौदा दिवसांनी तो डास रोग पसरविण्यास समर्थ होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रुग्णास पीडा देणारे रूप एक, रोग पसरविणारे रूप दुसरे आणि शरीरात प्रवेश करणारे रूप तिसरे. म्हणून एका रूपावर चालणारे अस्त्र दुसऱ्यावर चालेलच असे नाही. हिवतापावरील संशोधनाचा सारा गुंता या एका वस्तुस्थितीतून निर्माण झाला आहे.

रक्तातील जंतू आणि औषधे

रक्तातील वाढते रूप हे औषधोपचाराचे सर्वांत जुने लक्ष्य होय. सिंकोना वृक्षाच्या सालीतून पेलतिए व काव्हाँतू यांनी १८२० साली क्विनीन वेगळे केले. १९३४ साली जर्मनीत तयार झालेले क्लोरोक्विन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र प्रचारात आले. परंतु १९६० च्या सुमारास दक्षिण अमेरिका व आग्नेय आशिया या दोन्ही प्रदेशांत त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम जंतू आढळला, आणि १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात भारतातही त्याची नोंद झाली.

याच संकटातून पुढील औषध जन्मास आले. १९६७ साली चीनमध्ये सुरू झालेल्या संशोधन-योजनेत तू यूयू यांनी प्राचीन चिनी वैद्यकग्रंथांचा धांडोळा घेतला. चौथ्या शतकातील गे हुंग यांच्या ग्रंथात चिंगहाव ही वनस्पती थंड पाण्यात भिजवून तिचा रस पिण्यास सांगितले होते. काढा उकळल्याने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क त्यावरून बांधून त्यांनी ईथरच्या साहाय्याने कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१ साली तो प्राण्यांतील हिवतापावर पूर्णपणे गुणकारी ठरला. आर्टेमिसिनिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रव्याच्या शोधाबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आर्टेमिसिनिन जंतूंचा संहार अतिशय वेगाने करते. परंतु ते रक्तात काही तासच टिकते. म्हणून त्यास दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड देतात. या जोडीमागील तर्क संभाव्यतेच्या साध्या गणितावर आधारलेला आहे. रुग्णाच्या शरीरात अब्जावधी जंतू असतात, आणि त्यांतील एखाद्यात आनुवंशिक बदल होऊन तो एका औषधास दाद देईनासा होणे अशक्य नसते. मात्र एकाच जंतूत दोन भिन्न औषधांविरुद्धचे बदल एकाच वेळी होण्याची संभाव्यता ही दोन संभाव्यतांचा गुणाकार असल्यामुळे अत्यंत अल्प होते. याच कारणास्तव आर्टेमिसिनिन एकट्याने देऊ नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे. तथापि पश्चिम कंबोडियात २००८ च्या सुमारास या औषधाचा परिणाम मंदावल्याचे दिसून आले. जंतूच्या केल्च-१३ या जनुकातील बदलांशी त्याचा संबंध असल्याचे २०१४ साली सिद्ध झाले. आणि त्यानंतर रुआंडा, युगांडा इत्यादी पूर्व आफ्रिकी देशांतही असे बदल झालेले जंतू स्वतंत्रपणे उद्भवल्याचे आढळले. दर शंभर मृत्यूंपैकी नव्वदांहून अधिक ज्या खंडात होतात, तेथे ही घटना घडावी, ही चिंतेची बाब होय.

उपचारानंतर उरणारे जंतू

क्लोरोक्विनने रुग्ण बरा होतो, याचा अर्थ त्याच्या रक्तातील वाढती रूपे नष्ट होतात एवढाच. फाल्सिपेरमच्या पक्व गॅमेटोसाइटवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे ताप उतरलेला, कामावर परतलेला मनुष्य पुढे काही आठवडे डासांना जंतू पुरवीत राहू शकतो. व्हायव्हॅक्सच्या बाबतीत गॅमेटोसाइट क्लोरोक्विनने मरतात. परंतु ते इतके लवकर तयार होतात की, रुग्णास ताप येऊन तो दवाखान्याची वाट धरण्यापूर्वीच संक्रमण घडून गेलेले असू शकते.

व्हायव्हॅक्सची दुसरी अडचण याहून बिकट आहे. त्याची काही रूपे यकृतात वाढ थांबवून निद्रिस्त राहतात. क्रोटोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दोन वर्षांत माकडांतील अशाच एका जातीवर प्रयोग करून या निद्रिस्त रूपांचे अस्तित्व दाखविले, व त्यांस हिप्नोझोइट असे नाव मिळाले. ही रूपे काही आठवड्यांनी, तर काही प्रकारांत आठ-दहा महिन्यांनी जागी होतात आणि नव्याने डास चावलेला नसतानाही ताप येतो. निद्रितावस्थेतील जंतू रक्ततपासणीत सापडत नाही, त्याने रुग्णास पीडा होत नाही आणि रक्तातील जंतूंवरील औषधे त्याला स्पर्श करीत नाहीत. एखाद्या गावात एकही तापाचा रुग्ण नाही असे दिसत असतानाही रोगाचे बीज तेथील माणसांच्या यकृतांत सुरक्षित असू शकते.

या रूपांवर चालणारे औषध म्हणजे प्रिमाक्विन. पण ते बहुधा १४ दिवस घ्यावे लागते, आणि दोन-तीन दिवसांत बरे वाटू लागलेला मनुष्य उरलेल्या गोळ्या नियमाने घेईलच याची शाश्वती नसते. शिवाय ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता असते, अशांच्या रक्तपेशी या औषधाने फुटू लागतात. प्रिमाक्विनच्या अशा दुष्परिणामाचा शोध घेतानाच १९५६ साली ही कमतरता प्रथम ओळखली गेली. मुंबईतील पारशी समाजात ती आढळल्याचा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. २०१८ साली मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन हे एकाच मात्रेत काम करते. पण ते शरीरात दीर्घकाळ राहत असल्यामुळे देण्यापूर्वी विकराची मोजणी अपरिहार्य ठरते. एका रुग्णाच्या हिताचा विचार आणि संपूर्ण समाजातील संक्रमण थांबविण्याचा विचार येथे प्रत्यक्ष एकमेकांसमोर उभे राहतात.

डासाचे वय

रोगाचे संक्रमण तोडण्यासाठी पृथ्वीवरील प्रत्येक डास मारावा लागत नाही, हे रॉस यांनी १९१० च्या सुमारास गणिताने दाखविले होते. एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण निर्माण होऊ लागले की, रोग आपोआप क्षीण होत जातो. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात हे गणित पुढे नेले व एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. तो असा की, डासांच्या संख्येपेक्षा त्यांचे आयुर्मान अधिक निर्णायक आहे.

याचे कारण जीवनचक्रातच आहे. जंतू शोषून घेतल्यानंतर डास सुमारे बारा दिवस जगला, तरच तो रोग पसरवू शकतो. दररोज शंभरांतील ९० डास जगत असतील, तर बारा दिवसांनी त्यांतील सुमारे २८ उरतात. दररोज ७० जगत असतील, तर बारा दिवसांनी कसाबसा एक उरतो, आणि त्याचे पुढील आयुष्यही अल्पच असते. दोहोंचा एकत्रित हिशोब केल्यास संक्रमणाचे सामर्थ्य सुमारे सत्तर पटींनी घटते. याउलट डासांची संख्या निम्मी केल्यास ते केवळ निम्मे होते. घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारण्याची योजना या तत्त्वावर उभी आहे. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, आणि तेथील विषाच्या संपर्काने जंतू पक्व होण्यापूर्वीच मरते.

डीडीटी या द्रव्याचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ साली शोधला. तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड व कानडा जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४६ पासून घराघरांतून त्याची फवारणी झाली, आणि तिचे फलित १९५३ च्या राष्ट्रीय मोहिमेस मार्गदर्शक ठरले. पुढे डासांतही डीडीटीला न जुमानणारे वाण निपजले. एकविसाव्या शतकात हीच भूमिका आफ्रिकेत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांनी बजावली. २००० ते २०१५ या काळात तेथे टळलेल्या अंदाजे ६६ कोटी रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे टळले, असे एका विस्तृत अभ्यासाचे अनुमान आहे. आता तेथील डास पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्यांना दाद देईनासे झाल्यामुळे दोन द्रव्ये एकत्र लावलेल्या मच्छरदाण्या वापरात येत आहेत. औषधांच्या जोडीमागील युक्तिवादाचा हा दुसरा आविष्कार होय.

जे डास घराबाहेर चावतात किंवा भिंतीवर विसावत नाहीत, त्यांच्यावर हे उपाय पुरेसे पडत नाहीत. या संदर्भात मुंबईचा अनुभव उल्लेखनीय आहे. शहरातील हिवतापाचा वाहक ॲनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास विहिरी, हौद व टाक्या यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो, हे सी. ए. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालापासून ज्ञात आहे. म्हणून तेथे भर राहिला तो फवारणीपेक्षा टाक्या झाकण्यावर आणि अळ्यांच्या नाशावर. हाच डास २०१२ साली आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला व त्यानंतर इथिओपिया, सुदान इत्यादी देशांत पसरला. ग्रामीण हिवतापाशी झुंजणाऱ्या त्या खंडास आता भारतीय शहरांच्या जुन्या अनुभवाची गरज भासू लागली आहे.

लसीचे स्थान

१९६७ साली रूथ नुसेन्झ्वाइग व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी दुर्बल केलेली स्पोरोझोइट रूपे उंदरांना टोचून त्यांच्यात संरक्षण निर्माण करता येते, हे दाखविले. या रूपांच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा एक अंश घेऊन तयार केलेली आरटीएस,एस ही लस २००९ ते २०१४ या काळात सात आफ्रिकी देशांत पंधरा हजारांवर बालकांवर तपासण्यात आली. पाच ते सतरा महिने वयाच्या बालकांत चार मात्रांनंतर सुमारे चार वर्षांच्या काळात आजाराचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिची शिफारस केली. २०२३ साली शिफारस झालेली आर-२१ ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली असून तिचे उत्पादन पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट करते. हंगामी हिवतापाच्या प्रदेशांतील चाचण्यांत पहिल्या वर्षात तिचे संरक्षण सुमारे ७५ टक्के आढळले.

३६ टक्के हा आकडा देवी किंवा गोवर यांच्या लसींच्या तुलनेने क्षुल्लक वाटेल. परंतु घाना, केनिया व मलावी येथे २०१९ पासून झालेल्या प्रायोगिक लसीकरणात पात्र वयोगटातील बालमृत्यूंचे एकूण प्रमाण १३ टक्क्यांनी कमी झाले, ही फलश्रुती क्षुल्लक म्हणता येणार नाही. मात्र लसीचे कार्य कोणते, हे नीट समजून घेतले पाहिजे. काही दहा स्पोरोझोइटांपैकी एकच जरी यकृतात पोहोचला, तरी रोग उद्भवू शकतो. लसीने आलेले संरक्षण काळानुसार ओसरते. आणि या दोन्ही लसी केवळ फाल्सिपेरमविरुद्ध आहेत. त्या बालकांचे प्राण वाचवितात. संक्रमणाची साखळी तोडण्याचे काम त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.

भारताचा धडा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. १९५३ साली सुरू झालेल्या नियंत्रण-योजनेचे १९५८ साली निर्मूलन-योजनेत रूपांतर झाले. फवारणीने संक्रमण जवळजवळ थांबवावे, मग फवारणी बंद करून पंधरवड्यास घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तापाचे रुग्ण हुडकावेत, त्यांचे रक्त तपासावे आणि उरलेसुरले जंतू औषधांनी संपवावेत, अशी तिची आखणी होती. पहिला टप्पा अपूर्व यशस्वी झाला. दुसरा ढासळला. डासांचा डीडीटीस प्रतिकार, कीटकनाशकांचा तुटवडा, शहरांकडे झालेले दुर्लक्ष आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची दुर्बलता ही त्याची कारणे नोंदली गेली आहेत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक समान गोष्ट होती. रुग्ण दिसेनासे झाले, तेव्हा रोग संपला असे मानले गेले. यकृतातील निद्रिस्त रूपे, लक्षणांवाचून जंतू बाळगणारी माणसे आणि अनुकूल ऋतूची वाट पाहणारा डास हे तिघेही मात्र जागच्या जागी होते.

हा अनुभव भारताचा एकट्याचा नव्हे. श्रीलंकेत १९६३ साली अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. १९६९ साली ती संख्या पाच लाखांवर गेली. त्यानंतर त्या देशाने संख्या कमी झाल्यावरही शोधकार्य सैल सोडले नाही, आणि २०१६ साली तो हिवतापमुक्त घोषित झाला. चीनने रुग्णाची नोंद एका दिवसात, चौकशी तीन दिवसांत आणि परिसरातील उपाय सात दिवसांत, असा दंडक पाळला. २०२१ साली त्यासही तेच प्रमाणपत्र मिळाले. दोन्ही ठिकाणी वापरलेली औषधे व कीटकनाशके इतरत्र नव्हती असे नाही. भेद होता तो शेवटच्या रुग्णाचा पाठपुरावा करण्यात.

भारताने २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२३ साली देशात नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे सव्वादोन लाख होती. म्हणजे देश पुन्हा एकदा जवळपास १९६५ च्या उंबरठ्यावर उभा आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या अरण्यमय जिल्ह्यात हा रोग अद्याप ठाण मांडून आहे. संशोधनापुढील कार्येही या अवस्थेला अनुरूप अशीच आहेत : अत्यल्प जंतू ओळखणारी परीक्षा, यकृतातील निद्रिस्त रूपांचा ठाव घेण्याचे साधन, सर्वांस निर्धोकपणे देता येईल असे प्रिमाक्विनहून सोपे औषध, आणि घराबाहेर चावणाऱ्या डासांवरील उपाय. जंतू तर परीक्षेलाही चकवू लागला आहे. शीघ्र चाचण्या ज्या प्रथिनावरून फाल्सिपेरम ओळखतात, ते प्रथिन निर्माण करणारे जनुकच गमावलेले जंतू पेरू, एरिट्रिया इत्यादी देशांत आढळले आहेत.

हिवतापावरील कोणतेही अस्त्र कायमचे नाही, हे दोन शतकांच्या संशोधनाने दाखविले आहे. प्रत्येक अस्त्र काही काळ उसंत देते. त्या काळात साखळी तोडली नाही, तर जंतू व डास त्या अस्त्राशी जुळवून घेतात आणि पुढील पिढीस नव्या अस्त्राचा शोध घेणे भाग पडते. म्हणून रुग्णसंख्या रोडावते तो काळ विसाव्याचा नसून सर्वाधिक सावधानतेचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर काचपट्ट्या तपासून एकही जंतू न सापडलेल्या तंत्रज्ञाने एकशेएकावी काचपट्टी तितक्याच काळजीने तपासणे, यावर निर्मूलनाचे भवितव्य अवलंबून आहे.